तुझ्या प्लॅनमध्ये एक ओळ कमी आहे

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तू फोन ठेवलास त्याला आज तीन दिवस झाले. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. 'दिवा घालवा', 'दार लावा'. मी काय बोललो ते मला पाठ आहे. 'टबाचं एवढं काय घेऊन बसलीस, बाळ नीट आल्याशी मतलब.' फोन स्पीकरवर आहे हे मला माहीत नव्हतं असं मी आईला सांगितलं. ते खोटं आहे. माहीत होतं.

तू बीपीचं सांगत होतीस. १३८/८८. डॉक्टर म्हणाल्या आठवडाभर बघू, वाढलं तर टबात, कोमट पाण्यात बाळंत होण्याचा विचार सोडावा लागेल. तू रडलीस ती टबासाठी आणि मी घाबरलो ते १३८ला. घाबरलो की मी चिडतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, पण म्हणून ते तू दर वेळी समजून घ्यावंस असं नाही. चुकलो.

या पत्रात बीपीचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलो होतो. दुसऱ्याच परिच्छेदात काढला. असो.

आईला पाठवलेला तुझा बर्थ प्लॅन, म्हणजे बाळंतपण कसं व्हावं याची तुझी यादी, मी छापून घेतला. दोन पानं. पेन्सिल घेऊनच वाचायला बसलो, पस्तीस वर्षांची सवय. दिवे मंद. खोलीत गप्पा नकोत. निखिल डोक्याशी. बाळ पाण्यातून वर घेताना सावकाश, नाळ ताणली जाऊ नये. या ओळीपाशी पेन्सिल थांबली. नाळ आखूड असली आणि बाळ झटकन वर उचललं तर ती तुटू शकते, हे मला माहीतच नव्हतं. तू हे शोधलंस, विचारलंस, लिहून ठेवलंस. मी समासात 'छान' असं लिहिलं आणि मग खोडलं. लेकीच्या बाळंतपणाच्या कागदावर बापाने शेरा मारायचा नसतो.

खरं सांगायचं तर मला हे खूळ वाटत होतं. तसं मी बोललो नाही, पण माझं 'बरं' तुला बरोबर कळतं. मग वाचायला घेतलं. कोमट पाण्यात अंग हलकं होतं, हे तर मी दर वर्षी नववीला शिकवत होतो. बादलीत दगड सोडून दाखवायचो. भरल्या दिवसांच्या बाईला तेच हलकेपण किती मोलाचं असेल, हे मात्र कधी डोक्यात आलं नाही. कूस बदलता येते, उकिडवं बसता येतं, पाठीवरचा ताण उतरतो. आणि बाळ पाण्यात गुदमरेल ही माझी भीती तू मावशीला जे समजावलंस त्यानेच गेली. नाळेतून प्राणवायू मिळतच असतो, चेहऱ्याला हवा लागेपर्यंत निरोगी बाळ श्वास घेत नाही, आणि एकदा वर आलं की पुन्हा पाण्याखाली न्यायचं नाही. मी शेजारच्या खोलीतून ऐकत होतो. चांगलं शिकवतेस.

कॉक्रेन म्हणून एक संस्था आहे, वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते, तिचा २०१८ सालचा आढावाही वाचला. १५ चाचण्या, ३,६६३ बायका. कळा पाण्यात काढल्या तर एपिड्युरल, म्हणजे दुखणं थांबवायला पाठीच्या कण्यापाशी देतात ते औषध, मागण्याचं प्रमाण थोडं कमी होतं, आणि आईचं किंवा बाळाचं जास्त नुकसान होतं असं काही आढळलं नाही. प्रत्यक्ष जन्म पाण्यात होण्याबद्दल मात्र पुरावा तुटपुंजा आहे. म्हणून अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये असं मत दिलं की निरोगी बाईने कळा पाण्यात काढायला हरकत नाही, जन्म मात्र बाहेर व्हावा. इंग्लंडमधले डॉक्टर आणि सुईणी इतके कडक नाहीत. आणि एक गंमत. फ्रान्समधल्या मिशेल ओदां या डॉक्टरनं १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाण्यातल्या शंभर जन्मांबद्दल लिहिलं, तेव्हापासून हे सगळं जगभर गेलं. पण त्याने टब आणला होता कळा सोसवाव्यात म्हणून. मूल पाण्यातच जन्मावं हा त्याचा मूळ हेतूच नव्हता.

हे मी का सांगतोय ते तुला कळलं असेल. प्लॅनमध्ये एक ओळ नाही.

दुसऱ्या पानाच्या तळाशी चार बोटं जागा रिकामी आहे. 'टबातून बाहेर यावं लागलं तर' असं काहीतरी असेल म्हणून मी पान उलटून पाहिलं. पाठ कोरी.

तुला तरणतलाव आठवतो? तू सात वर्षांची होतीस. मी काठावर निळा टॉवेल उघडून उभा आणि तू मधोमध. ओठ जांभळे, बोटांची टोकं सुरकुतलेली, दात वाजतायत, आणि 'बाबा, एक शेवटचं'. मी दहापर्यंत मोजायचो. नऊवर आलो की तू पाण्याखाली जायचीस, ऐकू आलं नाही म्हणायला मोकळी. त्या दिवशी विजा चमकायला लागल्या. शिट्टी झाली, सगळी पोरं बाहेर. तू पलीकडच्या शिडीचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसलीस. शेवटी मी बुशशर्ट-पँटसकट उतरलो आणि तुझं एकेक बोट सोडवलं. घड्याळ हातातच होतं. दोन दिवस त्याच्या काचेच्या आत धुकं होतं, मग ते बंद पडलं. तू आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीस, आणि आत्याला सांगितलंस की बाबांनी माझी शर्यत बिघडवली. शर्यत नव्हतीच, सई. तू एकटीच होतीस पाण्यात.

या वेळी मी काठावर नसेन. म्हणून विचारतो, ते 'बाहेर या' म्हणाले तर येशील ना?

कोणत्या कारणांनी म्हणतील ते तुला ठाऊक असणार, तरी लिहितो, लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही. बीपी १४०/९०च्या वर जाऊन तिथेच राहिलं तर. ताप आला तर. गर्भजल गेलं आणि ते हिरवट निघालं, म्हणजे बाळाने आतच शी केली असेल तर. रक्त जास्त गेलं, तुला चक्कर आली तर. बाळाचे ठोके बिघडले तर. पाण्यात चालणाऱ्या डॉपलर यंत्राने ते दर १५ मिनिटांनी ऐकतील, कळ ओसरल्यावर निदान मिनिटभर, आणि जोर लावायची वेळ आली की दर ५ मिनिटांनी. तेव्हा 'सारखं काय लावताय' म्हणून वैतागू नकोस. पाणी ३७.५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, कितीही बरं वाटलं तरी. आईचं अंग तापलं की बाळ आईहून जास्त तापतं, त्याला उष्णता सोडायला दुसरी जागाच नसते. अधूनमधून पाणी पीत राहा. आणि कळा मंदावल्या तर बाहेर येऊन चाल, पुन्हा आत जाता येतं. प्रत्येक बाहेर येणं कायमचं नसतं. दुखणं सहन झालं नाही आणि एपिड्युरल घ्यावंसं वाटलं तर मात्र टब सुटतो, कारण पायांचा भरवसा राहत नाही. तेही चालेल. त्यात काही...

वर्ग सुरू केला मी. फळ्यापर्यंत पोचलो होतो. माफ कर. हा परिच्छेद निखिलला दे हवं तर, तू वाचू नकोस.

मला वेगळंच काहीतरी सांगायचं होतं, ते फोनवर कधीच सांगता येणार नाही.

तुझ्या वेळी आईला २२ तास कळा आल्या. तेव्हा प्लॅन वगैरे शब्द नव्हता, पण आईचा प्लॅन होताच. तिने ती श्वासाची पद्धत कुठल्याशा मासिकातून कापून ठेवली होती, रोज गच्चीवर करायची, मी घड्याळ धरून सेकंद मोजायचो. तेच घड्याळ. पहाटे तुझे ठोके उतरले. कळ यायची आणि ते खाली जायचे, आणि परत वर यायला वेळ लावायचे. एक नर्स धावत आली, माझ्या हातात फॉर्म दिला. पेन चालेना. मी ते कागदावर गोल गोल घासत होतो आणि तेवढ्यात आईची गाडी माझ्या समोरून आत गेली. तिने माझ्याकडे पाहिलं. ती काही म्हणाली का, ते मला आजही आठवत नाही. सही कशी केली तेही नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी तुझा आवाज आला. काय आवाज होता!

मग मी दादाला फोन केला. म्हणालो, 'मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. नॉर्मल होता होता राहिलं रे, शेवटी सिझर करावं लागलं.' एवढंच. माझ्या मागून आईला बाहेर आणत होते. मला वाटलं ती गुंगीत आहे.

सहा वर्षांनी, कपड्यांच्या घड्या घालताना, मध्येच, काही विषय नसताना ती म्हणाली, 'तुम्ही दादांना असं सांगितलंत, जसा माझा एक विषय राहिला.' मी म्हटलं, कधी? तिने घडी घातली आणि दुसरा कपडा उचलला. त्यानंतर आजतागायत तो विषय नाही. पण तू पाहिलं असशील, कुणाचंही बाळंतपण कळलं आणि लोक 'नॉर्मल का सिझर' विचारायला लागले की ती उठून आत जाते.

२२ तास ती खपली, पोटावर वार घेतला, तिसऱ्या दिवशी भिंतीला धरून चालली, आणि मी तिच्याबद्दल 'राहिलं' हा शब्द वापरला. पोरी, मला बीपीची भीती वाटते, खोटं कशाला बोलू, रात्री दोनदा उठतो. पण दुसरी भीती ही आहे की तुला टबातून उठवतील, आणि तू ओल्या अंगाने पलंगाकडे जाताना स्वतःबद्दल तोच शब्द वापरशील. किंवा तो वापरायला लागू नये म्हणून दांडा धरून बसशील. मी तुला शिकवलंय ते, सुरू केलं की तडीला न्यायचं. दहावीला ताप असताना पेपरला पाठवलं मी तुला. कौतुकाने सांगत फिरलो. आता वाटतं, तेवढं एक शिकवायला नको होतं.

तर त्या चार बोटं जागेत काय लिहिता येईल ते पेन्सिलने लिहून पाठवतोय. खोडरबर तुझ्याकडे आहे. बाहेर यायची वेळ आली तर तसं कोण सांगणार, हे आधी ठरवा. दहा जणांनी ओरडायचं नाही. तुला भोवळ आली तर टबातून कसं उचलणार, हे त्यांना आत्ताच विचार, त्यांची तयारी असायलाच हवी. आणि तुझ्या यादीतलं टबाशिवायही होण्यासारखं किती आहे, ते मी खुणा करून पाहिलं. अंधार पलंगावरही करता येतो. गप्पा तिथेही बंद करता येतात. कोमट पाण्याचा शॉवर कमरेवर घेता येतो. बाळ लगेच छातीवर ठेवणं बहुतेक वेळा सिझरमध्येही जमतं, फक्त आधी सांगून ठेवावं लागतं. नाळ निदान एक मिनिट कापू नये असं जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते, ते कुठेही मागता येईल. निखिल डोक्याशी, तोही कुठे जात नाही. चौदा ओळींतल्या अकरा उरतात. मी दोनदा मोजल्या.

आणि बीपी खाली आलं, ३७ आठवडे भरले, बाळाचं डोकं आत्तासारखंच खाली राहिलं, तर जा पाण्यात. मनापासून सांगतो. तुला पाण्यात मी पाहिलंय. तिथे तुझा चेहरा वेगळा असतो.

आई परवा निघेल. तिच्या बॅगेत तळाशी तो निळा टॉवेल घातलाय. ती म्हणाली, तिथे सगळं त्यांचंच असतं. मी म्हटलं, राहू दे, वजन नाही त्याला. ती हसली, तीन दिवसांत पहिल्यांदा. तुझ्या वेळचं सगळं तिला विचार. मला नाही सांगणार, तुला सांगेल.

गुरुवारी तपासणी आहे ना? मला नुसता आकडा पाठव. मी त्यावर काही बोलणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. बीपी मोजताना पाठ टेकलेली हवी, पाय जमिनीवर, एकावर एक नाही, हात छातीच्या उंचीवर, आणि आधी पाच मिनिटं शांत बसायचं, कुणाशी बोलायचं नाही. त्या दिवशी घरच्या यंत्रावर १३८ परत आलं असं आईला म्हणालीस, ते मोजलंस कधी? माझ्या फोननंतर का आधी? नंतर असेल तर तो आकडा धरू नकोस.