कॅमेरा कपाटातून बाहेर काढ

इंदूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा आलं. त्यातलं एक वाक्य डोक्यातून जात नाही: ‘कॅमेरा घेतला खरा, पण हात लावायला छाती होत नाही.’ मेनू उघडला की संपतच नाही, माहितीपुस्तिका कळत नाही, आणि नातीचा फोटो काढायचा म्हटलं की हात फोनकडेच जातो, असं तू लिहिलंयस. म्हणून आज रविवार साधून सविस्तर लिहायला बसलोय. तूही चहा घेऊन बैस.

आधी फोनचं. फोन वाईट नाही, पावत्या आणि कागदपत्रांसाठी मी तोच वापरतो. पण तू एकदा बटण दाबलंस की फोन बरेच फोटो घेतो, त्यांचं मिश्रण करतो, सावल्या उजळतो, चेहरा गुळगुळीत करतो. संध्याकाळी देवघरात समई लावल्यावर कोपऱ्यांत जो अंधार साचतो तो फोनला ठेवायचाच नसतो. मला तो हवा असतो. किती उजेड आणि किती अंधार हे मी ठरवावं, एवढ्यासाठी मी कॅमेरा घेतला, आणि तूही त्यासाठीच घेतला असशील असं मी धरून चालतो.

तुझा आणि माझा कॅमेरा एकाच जातीचा, आरसा नसलेला. आरसा गेल्यामुळे कॅमेरा लहान झाला, हे सगळेच सांगतात. शिकणाऱ्याच्या दृष्टीने फायदा वेगळाच आहे. जुन्या एसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, आरशावरून आलेलं दृश्य डोळ्याला दिसायचं आणि फोटो कसा आला ते मागाहून कळायचं. इथे डोळ्याला लावतोस तोच एक छोटा पडदा आहे. सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणाऱ्या पट्टीवर, जे पडतंय तेच तो दाखवतो. उजेड कमी केलास की चित्र तिथल्या तिथे काळवंडतं, वाढवलास की खिडकी पांढरीफटक होते. म्हणजे फोटो काढण्याआधीच फोटो दिसतो. मेनूत एक्स्पोजरचा, म्हणजे फोटोत येणाऱ्या उजेडाचा, प्रीव्ह्यू चालू आहे का, एवढं मात्र आधी बघून घे. तो बंद असेल तर ही सगळी सोय वाया जाते.

आता मेनू. त्यातलं नव्वद टक्के तुला रोज लागणार नाही. एकदाच बसून लावायचं आणि विसरायचं, तंबोरा लावून झाला की गाणारा खुंट्यांकडे बघत नाही तसं. मी काय लावून ठेवलंय ते सांगतो. मोडची चकती ‘ए’वर, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती मोठं) मी ठरवतो आणि शटर किती वेळ उघडं राहील ते कॅमेरा. दिवसा बाहेर एफ/५.६, घरात आणि रात्री एफ/२; आकडा लहान तेवढं भोक मोठं. आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते, ऑटोवर, वरची मर्यादा ६४००. ऑटो आयएसओमध्येच ‘किमान शटर’ नावाची एक ओळ असते, तिथे १/१२५ सेकंद. नात रांगती असेल तर तुझ्याकडे १/२५० कर; पोरं क्षणभर थांबत नाहीत आणि हललेला चेहरा नंतर कशानेही सुधारत नाही. आयएसओ वाढल्याने येणारे दाणे मात्र छापल्यावर फारसे जाणवत नाहीत. चेहरा आणि डोळा ओळखणारा फोकस चालू ठेव. फाइल रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) आणि जेपीईजी (तयार फोटो) दोन्ही. झालं. यानंतर हातात एकच चकती उरते, आणि खरं शिकणं त्या एका चकतीवर आहे.

ती म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, अधिक-उणे लिहिलेली. कॅमेऱ्याचं मोजमाप समोरचं सगळं दृश्य सरासरी करड्या रंगाच्या आसपास आणायला बघतं. आमच्या आत्या खिडकीपाशी पांढरं पातळ नेसून वाती वळत बसतात. कॅमेऱ्यावर सोडलं तर ते पातळ मळकं येतं. चकती +१ वर नेली की पांढरं ते पांढरं दिसतं. उलट, वाड्याच्या अंधाऱ्या जिन्यात एकच कवडसा पडलेला असेल तर कॅमेरा अंधार उजळायला जातो आणि कवडसा जळून जातो, म्हणजे नुसता पांढरा होतो. तिथे -१, कधी -१.३. आता हे आकडे पाठ करू नकोस. पडद्यात बघत चकती फिरव आणि डोळ्यासमोर आहे तसं दिसलं की थांब. एक गोष्ट ध्यानात ठेव: सावलीतला तपशील रॉ फाइलमधून बराच वर काढता येतो, पण पूर्ण पांढरा झालेला भाग परत येत नाही. त्यामुळे शंका आली तर उण्याकडे झुकावं.

मी हे सगळं शिकलो ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पोह्यांच्या गाडीवर. तुला इंदुरी पोहे सांगायला नकोत. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर परात ठेवलेली, त्यामुळे पोहे सकाळभर वाफेवर असतात. ती वाफ मला फोटोत हवी होती. ऊन पाठीमागून घेतलं तर वाफ दिसतच नाही. मग गाडीला वळसा घालून पलीकडे गेलो, ऊन समोरून, वाफेच्या मागून येईल असा उभा राहिलो, आणि मागे दुकानाचं अजून न उघडलेलं काळपट शटर धरलं. वाफ सोन्यासारखी उजळली. वाफ, धूर, उदबत्ती, पावसाच्या सरी, उडणारं पीठ, सगळ्याला हाच नियम: उजेड मागून किंवा बाजूने, पाठीमागे गडद काहीतरी. कॅमेरा कोणता आहे याने इथे काही फरक पडत नाही, कुठे उभा राहतोस याने पडतो. मी सुट्टीच्या दिवशी आधी तिथे नुसता उभा राहून ऊन कुठवर आलंय ते बघतो. उन्हाळ्यात आणि थंडीत तीच गाडी निराळी दिसते.

या शहरात उजेडाचा विचार केला की मला दीनदयाळ आठवतात. हो, पुढे हैदराबादच्या निजामाकडून ‘राजा’ किताब मिळालेले लाला दीनदयाळ. रुरकीला अभियांत्रिकी शिकून ते १८६६ साली इंदुरात बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करायला आले, आणि १८७०च्या दशकात इथेच कॅमेऱ्याकडे वळले. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि गव्हर्नर जनरलचे मध्य भारतातले एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिलं. काचेच्या प्लेटा, भला थोरला कॅमेरा, तिवई, आणि उजेडाचं माप सगळं नजरेत. मध्य भारतातल्या वास्तूंचे त्यांचे फोटो बघ, दगडावरचं कोरीवकाम उठून दिसेल असं तिरकं ऊन त्यांनी बरोबर हेरलेलं आहे. नोकरीच्या निमित्ताने या गावी आलेला माणूस इथल्या उन्हात फोटोग्राफर झाला, याचा मला फार अभिमान वाटतो. आपल्याकडे तर मापणारं यंत्रही आहे आणि आधीच दाखवणारा पडदाही.

राजवाड्यासमोर गर्दीत चालता चालता फोटो काढायचे तर एक जुनी युक्ती आहे, ती तुला नागपुरात सीताबर्डीवरही चालेल. माझ्याकडे २३ मिलिमीटरची एकच लेन्स आहे. एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, सेन्सरवर ती जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यावरच्या ३५ मिलिमीटरइतकं दृश्य घेते. ती एफ/८ वर ठेवून हाताने फोकस साडेतीन मीटरवर लावला की साधारण पावणेदोन मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग फोकसची वाट बघायचीच नाही. बांगड्यांवर घासाघीस चालली आहे, कोणी फुग्यांचा जुडगा घेऊन वळतंय, उचलला कॅमेरा की फोटो. राजवाड्याचाच फोटो हवा असेल तर मात्र समोरच्या बागेत मागे मागे जा. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, सातही मजले बसवायला जवळून कॅमेरा वर केलास तर भिंती आत झुकल्यासारख्या येतात.

झूम लेन्स घेऊ का, हे तू विचारलंयस. वर्षभर घेऊ नकोस. एकाच लेन्सवर राहिलास की कॅमेरा उचलण्याआधीच चौकटीत काय मावेल ते कळायला लागतं, आणि जवळ जायचं तर पायांनी जावं लागतं. जवळ गेलं की बोलावं लागतं. मला वाटतं रोजच्या फोटोतली अर्धी कमाई त्या बोलण्यात आहे.

आता सराफा, कारण तिथे तू अडकशील. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा किस, खोबऱ्याचे पॅटिस, जलेबा, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद. उजेड भरपूर, पण दहा जातींचा: कुठे पिवळा बल्ब, कुठे निळसर एलईडी, त्यात भट्टीची लाली. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या उजेडाला पांढरं धरायचं ते, ऑटोवर ठेवलास तर फोटोगणिक रंग बदलतो. मी तो ‘ऊन’ या खुणेवर पक्का ठेवतो. पिवळं ते पिवळंच येऊ दे, रात्र तशीच असते. दुसरी अडचण मोठी. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याचं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर फोटोची एकेक ओळ क्रमाने वाचत जातं, त्यामुळे फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. म्हणून दिव्यांखाली नेहमीचं यांत्रिक शटर वापर, आणि वेग १/१०० किंवा १/५० ठेव. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात तो क्षण धरायचा तर १/५०० लागेल, एफ/२ आणि आयएसओ ३२०० च्या वर. तिथे एकामागून एक बरेच फोटो घे. काही अंधारे येतील, काही लख्ख, त्यातला एक बरोबर सापडतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत ‘अँटी-फ्लिकर’ अशी सोय असते, तुझ्यात आहे का बघ.

लोकांचे फोटो काढताना मी आधी नजरेने विचारतो. कोणी नको म्हणून मान हलवली की कॅमेरा खाली. पोरांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाहीत. आणि काढलेला फोटो छापून द्यायचा. हे मी तुला अगदी मनापासून सांगतोय, कारण पोह्यांच्या गाडीवरच्या काकूंना त्यांच्या सासूबाईंबरोबरचा फोटो दिला तेव्हा त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत, आणि नंतर म्हणाल्या, ‘यांचा एकही फोटो नव्हता घरात.’ ४ बाय ६ इंचाचा प्रिंट तीनशे डीपीआयला, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, १२०० बाय १८०० ठिपक्यांचा, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेलचा. तुझ्या चोवीस मेगापिक्सेलमधून १२ बाय १८ इंचसुद्धा उत्तम निघेल. मेगापिक्सेलची चर्चा सोड आणि छाप. नातीचे तर छापच. हार्ड डिस्क बंद पडते, म्हणून फाइलींच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेव. पण आजीच्या हातात जातो तो कागदच.

पावसाळ्याचं विसरू नकोस. चामडी पाकिटात घालून कपाटात कोंडलेल्या लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढं पुरतं. रोज उन्हावाऱ्यात फिरणाऱ्या कॅमेऱ्याला सहसा काही होत नाही. पुढेमागे लेन्स बदलायची वेळ आली तर कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून बदल, कारण आरसा नसल्याने सेन्सर उघडा असतो आणि धूळ थेट त्यावर बसते. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, कॅमेरा न्यायचा नाही, टँकरने रंगीत पाण्याचा मारा चालतो. ते नुसतं डोळ्यांनी बघायचं.

अनंत चतुर्दशीला मात्र तू ये, वहिनींना आणि लेकीलाही आण. कापडाच्या गिरण्या केव्हाच बंद पडल्या, तरी त्यांच्या नावाच्या झांक्या, म्हणजे दिव्यांचे फिरते देखावे, अजून रात्रभर निघतात. काळ्या रस्त्यावर झगमगती चित्रं सरकतात, म्हणजे चकती उण्याकडे न्यायची खरी परीक्षा. फोटोत लाल दिव्यांचा तपशील आधी जळून जातो, तिकडे लक्ष ठेवावं लागतं. जास्तीची बॅटरी घेऊन ये, या लहान कॅमेऱ्यांची बॅटरी रात्रभर पुरत नाही. आमच्या ओळखीच्यांची गच्ची आहे, पण आपण खाली रस्त्यावरच उभं राहू.

तोवर एक कर. नातीचा खिडकीजवळ फोटो काढ, तिचा चेहरा उजेडाकडे आणि तू खिडकीला पाठ न करता बाजूला, म्हणजे तुझी सावली तिच्यावर येणार नाही. चकती शून्यावर ठेवून एक, +१ वर एक, -१ वर एक. तिन्हींच्या मूळ फाइली मला ईमेलने पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारख्या पाठवू नकोस, तिथे त्या लहान होतात आणि शटर-आयएसओची नोंदही निघून जाते. मला ती बघायची आहे. तिन्हींतला तुला कोणता आवडला तेही लिही.

वहिनींना नमस्कार, नातीला गोड पापा.

तुझाच