खापर धुऊ नका!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हडप्पाकाळातले लोक वांग्याची भाजी खात, ही बातमी अधूनमधून फिरते आणि आमच्या खान्देशात लगेच भरिताच्या गप्पा रंगतात. शोध लागला कसा, हे मात्र कोणी विचारत नाही. हरियाणातील फरमाणा येथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तिथली मडकी आणि माणसांचे दात यांना चिकटून राहिलेले पिष्टकण (स्टार्चचे सूक्ष्म कण) अरुणिमा कश्यप व स्टीव्ह वेबर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. दर वनस्पतीच्या कणाची घडण निराळी. शिजला की तो फुगतो, विस्कटतो. त्यावरून सुमारे ४५०० वर्षांपूर्वीचे वांगे, आले आणि हळद ओळखता आली. (मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, तेव्हा ‘हे आमचेच भरीत’ असा दावा जळगावकरांनी जपूनच करावा.)

आता आपल्याकडे पाहू. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे येथे १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले. गिरणेकाठचे बहाळ, धुळे जिल्ह्यातले कवठे, एका ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची व दगडाची हत्यारे वापरणाऱ्या) संस्कृतीला नाव देणारे सावळदे, ही सगळी आपलीच गावे. या लोकांच्या चुलीवर काय शिजत होते? जळालेल्या दाण्यांवरून धान्य कळते. पण कंद, आले-हळद, भाजीपाला यांचे दाणे सहसा उरत नाहीत. त्यांचा माग दातांप्रमाणेच मडक्याच्या आतल्या करपलेल्या थरात लागू शकतो. आणि खापर निघाले की आधी खसाखसा धुवायचे, ही जुनी रीत! मातीच्या छिद्रांत मुरलेली चरबी धुतल्यावरही बरीच टिकते, त्यामुळे जुन्या खापरांकडूनही आशा आहे. संग्रहांत पडून असलेली खान्देशची खापरे एकदा या नजरेने तपासावीत.

खरी चिंता वेगळीच आहे. गावोगावच्या पांढरीची (जुन्या वस्तीच्या टेकाडाची) माती खत म्हणून ट्रॉल्या भरभरून शेतात जाते. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, माती खरोखरच कसदार असते. पण कोणते खापर कोणत्या थरातले हे एकदा गेले की प्रयोगशाळा तरी काय सांगणार? ग्रामपंचायतींनी निदान उंच, न खणलेला भाग राखावा. शाळेची पोरे पांढरीवर गेली तर गुरुजींनी एवढेच सांगावे: खापर दिसले तर उचलू नका. कोणी आधीच घरी आणले असेल, तर ते घासूनपुसून फडताळात मांडू नका; मातीसकट कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि कुठे सापडले ते वर लिहून ठेवा.

— एक वाचक, शहादा