मंगळवारच्या सुनावणीला या : डाउनटाउनमधल्या ड्राइव्ह-थ्रूबद्दल रहिवासी समितीचं आवाहन

मंडळी, सप्रेम नमस्कार.

मेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची बँकेची जुनी रिकामी इमारत पाडून तिथे ड्राइव्ह-थ्रू रेस्टॉरंट, म्हणजे गाडीतून न उतरता खिडकीतून खाणं घ्यायची सोय असलेलं रेस्टॉरंट, बांधायचा अर्ज शहराकडे आला आहे. कुंपणाला लावलेली सूचनेची पाटी बऱ्याच जणांनी वाचली असेल. येत्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता सिटी हॉलमध्ये प्लॅनिंग कमिशनपुढे, म्हणजे अशा अर्जांवर निर्णय देणाऱ्या शहराच्या मंडळापुढे, या अर्जाची जाहीर सुनावणी आहे. अर्ज आज ज्या स्वरूपात आहे त्या स्वरूपात त्याला विरोध करायचा, असं समितीच्या बैठकीत एकमताने ठरलं. त्यासाठी तुम्ही सुनावणीला यावं, पत्र लिहावं, थोडा वेळ द्यावा आणि जमेल तेवढे पैसे द्यावेत, अशी विनंती आहे.

इंग्रजी पत्रक सगळ्या इमारतींच्या लॉबीत लागलंच आहे. मराठीतून वेगळं लिहायचं कारण असं की या आठ-दहा ब्लॉकमध्ये आपली कुटुंबं आता पुष्कळ आहेत, पण सुनावणीच्या खोलीत आपल्यातलं कुणी क्वचितच दिसतं. मी विचारलं तेव्हा बहुतेकांनी एकच उत्तर दिलं : "आम्ही व्हिसावर आहोत, आम्हाला कुठे बोलता येतं?" येतं. जाहीर सुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही, मतदार यादीत नाव लागत नाही, स्वतःचं घरही लागत नाही. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्याला जो परिणाम भोगावा लागतो, तो त्याने उभं राहून सांगायचा, एवढंच.

आमचा विरोध कशाला आहे ते आधी स्पष्ट करतो. रेस्टॉरंटला नाही. त्या कोपऱ्यावर दिवे लागावेत, लोक आत बसून जेवावेत, हे आम्हालाही हवं आहे. ती इमारत रिकामी पडल्यापासून संध्याकाळी तिथून जाताना पावलं आपोआप भरभर पडतात. विरोध आहे तो गाड्यांच्या लेनला. अर्जासोबतच्या नकाशात ही लेन इमारतीला वळसा घालते. आत शिरायला मेन स्ट्रीटवरचा फुटपाथ कापला आहे आणि बाहेर पडायला बाजूच्या गल्लीतला. खिडकीपासून मागे आठ गाड्यांची रांग मावेल, असं दाखवलं आहे. नकाशा काढणारे एका गाडीला साधारण २० फूट धरतात, म्हणजे १६० फूट झाले. नववी गाडी कुठे उभी राहणार? तिला जागा एकच, फुटपाथवर.

हे कागदावर नीट कळत नाही, म्हणून आम्ही तिघं एका शनिवारी दुपारी हायवेजवळच्या अशाच एका ड्राइव्ह-थ्रूच्या तोंडाशी तासभर उभे राहिलो. बारा वाजून गेले तशी रांग वाढली आणि शेवटची गाडी फुटपाथवर आडवी आली. ड्रायव्हरची त्यात चूक नव्हती. पुढची गाडी सरकेल म्हणून तो आत वळला आणि ती सरकलीच नाही. तेवढ्यात एक बाई स्ट्रोलर (बाबागाडी) ढकलत आल्या. गाडीच्या पुढून जायला जागा नव्हती, मागून गेलं तर सरळ रस्त्यावर. त्या थांबल्या, ड्रायव्हरकडे बघून हात केला, मग स्ट्रोलरची पुढची चाकं उचलून कर्बवरून, म्हणजे फुटपाथच्या उंच कडेवरून, खाली उतरल्या आणि वाहत्या रस्त्याच्या कडेने गाडीला वळसा घालून परत वर चढल्या. त्यांच्या पाठोपाठ व्हीलचेअरवरचे एक आजोबा आले. त्यांना कर्बवरून उतरता येणं शक्यच नव्हतं. रांग हलेपर्यंत ते उन्हात तसेच बसून राहिले. त्या रस्त्यावर पायी चालणारे तुरळक. आपल्या कोपऱ्यावरून वाचनालयाकडे, शाळेकडे आणि बसथांब्याकडे दिवसभर माणसं जात असतात.

आणि आपल्या घरांतलं वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आई-बाबा येतात. त्यांना इथे गाडी चालवता येत नाही. त्यांचं सगळं जग म्हणजे घरापासून वाचनालयापर्यंतचा आणि बागेपर्यंतचा फुटपाथ. माझी आई पहिले काही दिवस दाराबाहेर पडत नव्हती. मग एक दिवस एकटी बागेपर्यंत जाऊन आली आणि संध्याकाळी फोनवर मावशीला तेच तीन वेळा सांगत होती. तिचं ते चालणं ज्या कोपऱ्यावरून होतं, तिथेच ही लेन फुटपाथ कापणार आहे.

आता थोडं नियमांबद्दल, कारण मंगळवारी काय बोलायचं ते यावरच ठरतं.

१९२६ मध्ये क्लीव्हलँडशेजारच्या युक्लिड या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगचा अधिकार मान्य केला. कुठल्या भागात काय बांधावं याचे नियम शहर करू शकतं, हे तेव्हापासून पक्कं झालं. आपल्या शहराच्या नियमात डाउनटाउनमध्ये रेस्टॉरंटला सरसकट परवानगी आहे, पण ड्राइव्ह-थ्रूला नाही. त्यासाठी स्पेशल यूज परमिट घ्यावं लागतं. या परमिटचा अर्थ असा की वापर मुळात निषिद्ध नाही, पण या ठिकाणी, या आराखड्याने तो शेजाऱ्यांना आणि रहदारीला बाधक ठरणार नाही, हे अर्जदाराने पटवून द्यायचं असतं. कमिशन नियमातल्या निकषांवर निर्णय देतं आणि तो निर्णय सुनावणीत नोंदल्या गेलेल्या पुराव्याला धरून असावा लागतो. खोलीत दोनशे माणसांनी नुसते हात वर केले तर त्याने मन हलेल कदाचित, पण कायद्यापुढे ते टिकत नाही. अर्जदार कोर्टात गेला तर कोर्ट नोंदीच बघतं.

म्हणून "आम्हाला फास्ट फूड आवडत नाही", "ही कंपनी वाईट आहे", "अशा ठिकाणी कसली माणसं येतात" असलं काही बोलू नका. शेवटचं तर मुळीच नको, ते अन्यायाचंही आहे. कोण विकणार आणि कोण खाणार, हा कमिशनचा विषयच नाही. तुम्ही स्वतः काय पाहता ते सांगा. तुमचं मूल किती वाजता त्या कोपऱ्यावरून शाळेला जातं? तुमच्या बेडरूमची खिडकी ऑर्डर घेणाऱ्या स्पीकरच्या किती जवळ येणार आहे? रात्री लेनमधून वळणाऱ्या गाडीचे हेडलाइट कुठल्या मजल्यावर पडतील? कचऱ्याचा ट्रक पहाटे कुठून आत येणार, याचं नकाशात उत्तर आहे का? प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. तीन मिनिटांत एकच मुद्दा नीट मांडून होतो, म्हणून दहा जणांनी दहा मुद्दे वाटून घ्यायचे. फोटो असेल तर छापून आणा आणि नोंदीत घ्यायला सांगा. इंग्रजीत बोलायची भीती वाटत असेल तर कागदावरून वाचा, कुणी नावं ठेवत नाही. कागद लिहायला आम्ही बसू तुमच्याबरोबर.

एक गोष्ट मात्र करू नका. कमिशनच्या कुठल्या सदस्याला ओळखत असाल तरी त्यांना खासगीत फोन करू नका, दुकानात भेटले तर विषय काढू नका. सुनावणीबाहेर ऐकलेलं त्यांना निर्णयात धरता येत नाही, आणि अशा बोलण्यामुळे त्यांना या प्रकरणातून बाजूला व्हावं लागू शकतं. आपली बाजू घेणारा माणूसच मतदानाबाहेर गेला, असं आपल्या हातून व्हायला नको. पत्र पाठवायचं ते प्लॅनिंग विभागाच्या नावाने, म्हणजे ते फाइलला लागतं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती पत्रकात एका ओळीत उरकली गेली आहे. असं परमिट साधारणपणे जागेला मिळतं, दुकानदाराला नाही. आज अर्ज करणारे लोक चांगले असतील, शब्द पाळणारे असतील. पाच वर्षांनी ते जागा विकून गेले की परमिट जागेबरोबर पुढच्या मालकाकडे जातं. एकदा कापलेला फुटपाथ परत जोडलेला मी तरी या शहरात पाहिलेला नाही. तेव्हा "हे लोक सांभाळून घेतील" या भरवशावर गप्प बसू नका. जे हवं ते परमिटच्या अटींमध्ये लिहून घ्यावं लागेल.

दुसऱ्या शहरांनी काय केलं, असं काही जणांनी विचारलं. मिनियापोलिसने २०१९ मध्ये संपूर्ण शहरात नवीन ड्राइव्ह-थ्रूंना बंदी घातली. आपण तेवढं मागत नाही. ड्राइव्ह-थ्रू ही गोष्टच वाईट, असं आम्ही म्हणत नाही. मॅकडॉनल्ड्सची पहिली ड्राइव्ह-थ्रू खिडकी १९७५ मध्ये ॲरिझोनातल्या सिएरा व्हिस्टा गावी निघाली, ती शेजारच्या लष्करी तळावरच्या सैनिकांसाठी. कामाच्या गणवेशात बाहेर गाडीतून उतरायची त्यांना परवानगी नव्हती. तिथे ती खिडकी लोकांची अडचण ओळखून केली होती. इथे आपल्या कोपऱ्यावर माणसं मुळात गाडीतून उतरलेलीच आहेत.

बैठकीत एका ताईंनी दुसरी बाजू मांडली, तीही इथे सांगायलाच हवी. त्यांचा मुलगा चालू शकत नाही. त्याला गाडीतून काढून खुर्चीत बसवायचं, परत गाडीत ठेवायचं, यात त्यांचा अर्धा तास जातो. "मला ती खिडकी सोयीची आहे," असं त्या सरळ म्हणाल्या. खोलीत शांतता पसरली. त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यावर बरंच बोलणं झालं आणि आमच्या मागण्यांमध्ये एक भर पडली : रस्त्याच्या कडेला ऑर्डर आणून देण्यासाठी दोन राखीव पार्किंगच्या जागा. फोन करायचा, गाडी लावायची, माणूस बाहेर आणून देतो. त्यासाठी फुटपाथ कापावा लागत नाही आणि इंजिन चालू ठेवून रांगेत थांबावंही लागत नाही. त्या ताई मंगळवारी आपल्या बाजूने बोलणार आहेत.

कमिशनकडे आमची पहिली मागणी हीच आहे की लेन वगळून रेस्टॉरंटला मंजुरी द्यावी. ते झालं नाही आणि परमिट द्यायचंच ठरलं, तर निदान आत-बाहेर जायचा रस्ता मागच्या गल्लीतून असावा आणि मेन स्ट्रीटचा फुटपाथ अखंड राहावा. पायी आणि सायकलवर येणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी हवी. रात्री आतला हॉल बंद करून फक्त लेन चालू ठेवली की पायी आलेल्या माणसाला उपाशी परत पाठवतात, हे मी स्वतः अनुभवलं आहे. गाडीला वाढायचं आणि समोर उभ्या माणसाला नाही, हे तेव्हा फार लागलं मला. आणखी एक, जिथे गाडी फुटपाथ ओलांडणार तिथे फुटपाथाचा आडवा उतार १:४८ पेक्षा जास्त नसावा. व्हीलचेअर रस्त्याकडे ओढली जाऊ नये म्हणून हा नियम आहे, आणि नकाशात त्या ठिकाणी उताराचा आकडाच दिलेला नाही.

रोजगाराचं काय, हाही प्रश्न आला. स्वयंपाकघर तेवढंच, टेबलं तेवढीच. लेन नसली तरी माणसं लागणारच आहेत.

पैशांबद्दल आता. अर्जदाराने रहदारीचा अहवाल जोडला आहे. तो त्यांच्या इंजिनिअरने त्यांच्यासाठी केलेला आहे. त्यात मोजणी आठवड्याच्या मधल्या एकाच दिवशी केली आहे, शनिवार नाही आणि शाळा सुटायची वेळही नाही. आपण डोळ्यांनी पाहिलेलं सांगू शकतो, पण अहवालातला दोष दाखवायला परवानाधारक इंजिनिअरच लागतो. समिती एका स्वतंत्र ट्रॅफिक इंजिनिअरकडून तो अहवाल तपासून घेते आहे, आणि त्याचं लेखी मत फाइलला लावायचं आहे. वर्गणी त्याच कामासाठी हवी आहे. वीस डॉलर दिले तरी चालतील, दहा दिले तरी पावती मिळेल. चेक समितीच्या नावाने लिहून खजिनदारांकडे द्या. ही देणगी करसवलतीला पात्र नाही, हे आधीच सांगून ठेवतो. खर्चाचा हिशेब पुढच्या बैठकीत मांडू आणि उरलेली रक्कम शाळेसमोरच्या क्रॉसिंगच्या कामाला देऊ.

ज्यांना पैसे देणं शक्य नाही त्यांच्यासाठी काम आहे, आणि ते पैशापेक्षा कमी नाही. या शनिवारी सकाळी अकरा ते दोन आणि सोमवारी शाळा सुटताना कोपऱ्यावर उभं राहून पायी जाणारी माणसं मोजायची आहेत. दोघांची जोडी, एक तास. तक्ते छापून तयार आहेत : मुलं, स्ट्रोलर, काठी किंवा व्हीलचेअर, सायकल, बाकीचे. आई-बाबा घरी असतील तर त्यांना जरूर विचारा. माझे बाबा आयुष्यभर हिशेबनीस होते, त्यांनी शनिवारचे तीनही तास स्वतःच्या नावावर लिहून घेतले आहेत.

आणखी एक सूचना. ऐन वेळी अर्जदार सुनावणी पुढे ढकलायची विनंती करू शकतो. तसं झालं की दुसऱ्या तारखेला निम्मी खोली रिकामी असते. मंगळवारी तहकूब झाली तर पुढची तारीख आम्ही त्याच रात्री लॉबीत लावू. त्या दिवशीही या.

मंगळवारी सव्वासहाला वाचनालयाच्या पायऱ्यांशी जमूया. तिथून त्या कोपऱ्यावरून सगळे मिळून चालत सिटी हॉलला जाऊ. बोलणाऱ्यांनी दारातल्या टेबलावर आपलं नाव लिहायचं, ती यादी सात वाजता बंद होते. लहान मुलांना आणलं तरी चालेल, मागच्या रांगेत रंग आणि कागद ठेवले आहेत.

आपला,
कार्यवाह, रहिवासी समिती