आधी माइक मोजावेत, मग सॉफ्टवेअर पाहावे

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती स्टुडिओ उभारण्याविषयी आलेला लेख वाचला. विषय वेळेवर घेतला, याबद्दल आभार. पण लेखाचा बहुतेक भाग कोणते सॉफ्टवेअर सरस याच्या चर्चेत खर्ची पडला आणि ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्राच्या, वाट्याला शेवटी जेमतेम चार ओळी आल्या. खरेदीचा क्रम याच्या नेमका उलट असावा, असे माझे मत आहे. सॉफ्टवेअर उद्या बदलता येते. इंटरफेस मात्र एकदा घेतला की वर्षानुवर्षे टेबलावर राहतो आणि त्याला माइकच कमी जोडता येत असतील, तर ती उणीव कोणतेही सॉफ्टवेअर भरून काढू शकत नाही.

मी गाणे शिकवते आणि विद्यार्थ्यांचे ध्वनिमुद्रण घरीच करते, त्यामुळे आपल्याकडच्या बैठकीच्या गाण्यापुरतेच बोलते. ज्यांची शिफारस सर्रास केली जाते ते दोन इनपुटांचे इंटरफेस मुख्यतः गिटार घेऊन गाणाऱ्या एकट्या कलाकाराच्या सोयीचे असतात. एक जागा गळ्याच्या माइकसाठी, दुसरी गिटारसाठी, एवढ्यात त्याचे भागते. आपला हिशेब वेगळा आहे. गायकाला एक माइक, पेटीला एक, तबल्याला एक आणि डग्ग्याला एक, असे चार माइक तानपुरा ॲपवर लावला तरी लागतातच. तबला-डग्गा एकाच माइकवर घेता येतो, नाही असे नाही. पण मग डग्ग्याची घुमक नंतर कमी-जास्त करायची म्हटली की तबल्याची चाटही तिच्याबरोबर हलते.

इथे नावातल्या आकड्यांवर विसंबून चालत नाही. फोकसराइट कंपनीच्या स्कार्लेट ४आय४ या मॉडेलच्या नावात चार इनपुट आहेत, पण त्यांतले माइकसाठीचे प्रीॲम्प, म्हणजे माइकचा क्षीण संकेत वाढवणारे भाग, दोनच. उरलेली दोन इनपुट कीबोर्डसारख्या लाइन पातळीच्या, म्हणजे मुळातच जोरकस संकेत देणाऱ्या, साधनांसाठी आहेत. याउलट बेहरिंगरच्या यूएमसी४०४एचडी या यंत्राला चारही माइक प्रीॲम्प आहेत. कंपनीने काही लपवलेले नसते, माहितीपत्रकात सारे छापलेले असते. मात्र दुकानात ‘चार चॅनल’ एवढेच कानावर पडते आणि घरी आल्यावर तबलजीच्या हातातला माइक जोडायला जागा उरत नाही.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे गेन, म्हणजेच प्रीॲम्प माइकचा संकेत किती वाढवतो ते. कंडेन्सर माइकला माइकच्या तारेतूनच येणारा ४८ व्होल्टचा फँटम वीजपुरवठा लागतो आणि तो आता बहुतेक इंटरफेसमध्ये मिळतो. डायनॅमिक माइकला तो लागत नाही, पण त्याचा संकेत क्षीण असतो. निवेदनासाठी लोकप्रिय असलेल्या शुअर एसएम७बी या माइकला सुमारे ६० डेसिबल गेन द्यावा लागतो आणि स्वस्त इंटरफेसचा प्रीॲम्प तिथवर पोचेपर्यंत त्याची स्वतःची सरसर ऐकू येऊ लागते. द्रुत तराण्यात ती दडून जाते. आलापीच्या विरामांत मात्र लपत नाही.

तिसरा प्रश्न विलंबाचा, म्हणजे गाताना हेडफोनमध्ये आवाज उशिरा येण्याचा आहे आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. संगणक आवाजाचे सेकंदाला हजारो नमुने घेतो (४८ किलोहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला ४८ हजार) आणि ते तुकड्यातुकड्यांनी हाताळतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्‌झला १०२४ नमुन्यांचा बफर ठेवला, तर आत येताना सुमारे २१ मिलिसेकंद आणि बाहेर जाताना तितकेच लागतात. हा एकूण विलंब १४-१५ मीटर दूर बसलेल्या तबलजीचा ठेका ऐकत गाण्याइतका आहे. अशाने समेवर येणे जाणकारालाही जड जाते. बफर १२८ नमुन्यांवर आणला, तर एका बाजूचा विलंब तीन मिलिसेकंदांच्या आत येतो, पण त्यासाठी विंडोजवर उत्पादकाचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि संगणक यांना कमी विलंबात जोडणारा प्रोग्राम) चांगला असावा लागतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असलेला इंटरफेस घेणे, कारण त्यात माइकचा आवाज संगणकातून न जाता थेट हेडफोनमध्ये येतो.

१९२ किलोहर्ट्‌झच्या जाहिरातींना फारसे महत्त्व देऊ नये. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्‌झ असते आणि तिच्यासाठी सीडीचा ४४.१ किलोहर्ट्‌झचा दरही पुरतो. १९२ ने फाइल मात्र ४८ च्या चौपट होते. प्रत्येक नमुन्याची नोंद मात्र २४ बिटांची जरूर ठेवावी, म्हणजे ध्वनिमुद्रणाची पातळी थोडी कमी ठेवून तारसप्तकातल्या अवचित पुकारेसाठी जागा राखता येते.

आता सॉफ्टवेअर. कथावाचन किंवा पॉडकास्ट करणाऱ्या एकट्या व्यक्तीला विनामूल्य ऑडॅसिटी पुरते. मॅक असेल तर गॅरेजबँड हाताशी असतेच. चार माइक एकाच वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर घेऊन नंतर निगुतीने मिश्रण करायचे असेल, तर मी रीपर सुचवेन. ते ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते. ‘व्यावसायिक दर्जासाठी प्रो टूल्सच हवे’ हे लेखातले विधान मला पटत नाही. मोठ्या स्टुडिओत काम पाठवायचे असले तरी प्रत्येक ट्रॅकची डब्ल्यूएव्ही फाइल दिली की भागते.

कोणतेही सॉफ्टवेअर घेतले, तरी आपल्या संगीतासाठी दोन गोष्टी आधी बंद कराव्या लागतात. एक म्हणजे मेट्रोनोम, कारण बड्या ख्यालात लय चढत जाते, ती ठरावीक चौकटीत बसत नाही. दुसरी स्वर सुधारणारी सोय. ती प्रत्येक स्वराला समान अंतराच्या बारा सुरांपैकी जवळच्या सुराकडे ओढते. दरबारी कानड्यातला अतिकोमल, आंदोलित गंधार तिच्या तावडीत सापडला, तर पेटीवरचा सरळसोट कोमल गंधार होऊन बाहेर पडतो. गायकाची चूक काहीच नसते, तरी सॉफ्टवेअर ती ‘दुरुस्त’ करते!

विक्रेत्यांनाही एक विनंती आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असो वा गावातल्या दुकानात, ग्राहक स्वतःचा माइक, हेडफोन आणि लॅपटॉप घेऊन आला, तर खोके उघडून त्याला पाच मिनिटे इंटरफेस जोडून पाहू द्यावा. माइक जोडून, गेन पूर्ण चढवून, काही न बोलता हेडफोनमध्ये किती सरसर येते, एवढे त्याने ऐकले तरी बरीचशी निवड तिथेच होईल.

आपली,
एक संगीतशिक्षिका, कल्याण