दुर्मीळ गाठींची नोंद नेमक्या नावाने व्हावी

महोदय,

कर्करोगाविषयीच्या बातम्यांत जठर, स्वादुपिंड, आतडे अशी अवयवांची नावे येतात आणि पुढे पाच वर्षे जगणाऱ्या रुग्णांची टक्केवारी दिली जाते. त्याच अवयवांतील दुर्मीळ गाठींना ती लागू पडत नाही, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. अमेरिकेतील आकडेवारीनुसार स्वादुपिंडाच्या सर्व प्रकारच्या कर्करोगांत मिळून हे प्रमाण जेमतेम १३ टक्के आहे. स्वादुपिंडातल्याच न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींच्या) गाठीत ते निम्म्याहून अधिक असून, गाठ पसरण्यापूर्वी सापडल्यास ९० टक्क्यांच्या पुढे जाते. घरच्यांनी इंटरनेटवर पहिला आकडा वाचून धीर सोडावा, ही गोष्ट मला फार क्लेशदायक वाटते.

जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीत होणारी ‘जिस्ट’ ही गाठ वर्षाला दर दहा लाखांमागे साधारण १० ते १५ जणांना होते. तिच्या मुळाशी असलेला ‘किट’ जनुकातील बदल १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवला. अमेरिकेत २००२ मध्ये या गाठीसाठी इमॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली आणि आजार पसरलेले जे रुग्ण पूर्वी सुमारे दीड वर्ष जगत, त्यांच्यापैकी निम्मे आता पाच वर्षांच्या आसपास जगतात. मात्र ही गोळी सुरू होण्यासाठी बायोप्सीच्या नमुन्याची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींतील विशिष्ट प्रथिने ओळखणारी) तपासणी होऊन अहवालात गाठीचा नेमका प्रकार यावा लागतो.

अमेरिकेत सर्व अवयवांतील न्यूरोएंडोक्राइन गाठींचे प्रमाण १९७३ मध्ये लाखामागे १ च्या जवळ होते, ते २०१२ पर्यंत ७ च्या घरात गेले; एंडोस्कोपी आणि स्कॅन वाढल्याने पूर्वी न दिसणाऱ्या गाठी सापडू लागल्या, हे त्याचे एक मोठे कारण. आपल्याकडे मुंबईत १९६३ पासून कर्करोग नोंदणी आहे, पण ती बृहन्मुंबईच्या रहिवाशांची. कळव्याचा किंवा ऐरोलीचा रुग्ण परळला उपचार घेत असला, तरी त्या आकड्यांत धरला जात नाही.

खारघरला टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र असताना ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी त्या तज्ज्ञांच्या मदतीने आपल्या रहिवाशांची नोंद ठेवावी, खासगी पॅथॉलॉजी प्रयोगशाळांकडूनही गाठीच्या प्रकारासह माहिती घ्यावी आणि रुग्णांचा पाठपुरावा पाच वर्षांवर थांबवू नये, कारण यांतील काही गाठी दहा वर्षांनीही उलटतात.

— एक वाचक, कळवा, ठाणे