मार्को पोलोची भिंत : वर्गणी, मिरी आणि एक बरणी पाहिजे

नमस्कार मंडळी, ठाण्यातल्या आपल्या वाचनालयाच्या बालविभागाची ती ओल धरलेली भिंत आठवते ना, ती खरवडून गिलावा झालाय आणि आता मे महिन्याच्या सुट्टीआधी तिच्यावर मोठा नकाशा रंगवायचाय, व्हेनिस ते चीनची बंदरं आणि समुद्रमार्गे परत.

व्हेनिसचा व्यापारी मार्को पोलो १२७१ मध्ये बाप आणि काकाबरोबर घरून निघाला तेव्हा १७ वर्षांचा होता, म्हणजे आपल्याकडचा बारावीचा पोरगा. चीनचा मंगोल बादशहा कुबलाई खान याच्या चाकरीत राहून त्याने जे पाहिलं ते पुढे जिनोआच्या तुरुंगात एका सहकैद्याला सांगून लिहून घेतलं. चीनमधल्या हांगचौ शहरात म्हणे १२,००० दगडी पूल! ही थाप आहे हे आम्हालाही कळतं, पण त्याच शहरातल्या मिरीचा हिशोब बघा, खानाच्या जकातवाल्याने त्याला सांगितलं की इथे रोज चाळीसच्या वर ओझी मिरी खपते आणि एक ओझं साधारण शंभर किलोचं, म्हणजे दिवसाला चार टनांच्या वर. आणि झैतून, म्हणजे आजचं छ्वानचौ हे चीनचं बंदर, तिथे तर इजिप्तच्या अलेक्झांड्रियाला मिरीचं एक जहाज जात असेल तर शंभर येतात असं तो सांगतो. तिथे आपल्याकडचे व्यापारीही होते, १२८१ चा तमिळ शिलालेख सापडलाय. त्याच बंदरातून तो १२९२ मध्ये परत निघाला.

आता आपलं ठाणं यात कुठून आलं? तर त्याच्या वर्णनात ‘ताना’ आहे, इथून कमावलेलं चामडं, सुती कापड आणि धूप जायचा, मिरी मात्र पिकत नाही असं स्पष्ट लिहिलंय. शिवाय इथल्या राजाची समुद्री चाच्यांशी सेटिंग होती, लुटीतले घोडे राजाला, बाकी माल तुमचा. मुलांना हे फार आवडणार. (चीनमध्ये इतकी वर्षं काढून चहाबद्दल एक अक्षर नाही, यावरून आमच्या कमिटीत दोन मीटिंगा भांडण झालंय, ते सोडा.)

रंग, पेंटर आणि लाइट धरून खर्च ३८,००० आहे, ११,५०० जमलेत. शंभर रुपये दिलेत तरी चालतील, पावती काउंटरवर लगेच मिळेल.

पैशांशिवाय वस्तूही हव्यात. भिंतीखाली एक टेबल मांडणार आहोत, मुलांनी हात लावायचा, वास घ्यायचा. काळी मिरी दोन किलो, धूप, जाड सुती कापडाचा तुकडा, कोल्हापुरी चपलेचं उरलेलं चामडं. आणि चिनी मातीची एक जुनी बरणी. झैतूनजवळच्या गावात ही माती ढीग लावून ३०-४० वर्षं ऊनपावसात तशीच ठेवतात, बाप ढीग लावतो आणि भांडी मुलगा करतो, असं मार्कोने लिहिलंय, ते बरणीशेजारी लावायचंय.

सगळं रविवारपर्यंत, संध्याकाळी ५ ते ८ मध्ये आणून द्या, सोमवारी बंद असतं. बरणी देताना प्लीज लोणचं काढून, धुऊन, उन्हात वाळवून द्या, मागच्या प्रदर्शनात मुंग्यांनी सगळं टेबल ताब्यात घेतलं होतं.