आधी ऊब, मग पाणी, मग दूध : सिस्टरकाकूंना जाहीर आभारपत्र

दांडिया बाजार, वडोदरा

आदरणीय सिस्टरकाकू,
सा. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर झाडांची छाटणी सुरू झाली की रावपुऱ्यापासून कारेलीबागेपर्यंत कुठून ना कुठून फोन येतोच. फांदीबरोबर खारीचं घरटं खाली आलंय, आत पिल्लं आहेत, दूध कुठलं पाजू? आमच्यापैकी फोन कुणीही उचलो, पहिलं उत्तर ठरलेलं असतं : अजून काहीच पाजू नका. हे उत्तर तुमचं. नवजात बाळांच्या वॉर्डात तुमची सगळी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर तीच शिस्त तुम्ही बोटभर पिल्लांसाठी आम्हाला शिकवलीत. त्याबद्दल मनापासून आभार. नुसते गोड शब्द तुम्हाला आवडत नाहीत, म्हणून काय काय शिकवलंत तेच लिहितो. आज ज्याच्या घरी खोक्यात पिल्लू आहे, त्याच्याही कामी येईल.

पिल्लाला आई असू शकते, हे तुम्ही सगळ्यांत आधी डोक्यात बसवलंत. माणसाचा हात लागला की खार पिल्लू टाकून देते, हा समज घरोघरी आहे आणि तो खोटा आहे. खार तोंडात धरून एकेक पिल्लू दुसऱ्या जागी हलवते. म्हणून जखम नसेल आणि अंग गरम असेल, तर पिल्लं उघड्या खोक्यात घालून त्याच झाडाला मांजर पोचणार नाही अशा उंचीवर बांधायची, तळाशी फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवायची आणि लांब व्हायचं. खार दिवसा हिंडणारी. अंधार पडेपर्यंत ती आली नाही, तर पिल्लं घरात घ्यायची. रात्रभर बाहेर ठेवायची नाहीत. खाली माणसं मोबाइल रोखून उभी राहिली तर ती उतरणारच नाही. हे सांगताना तुमचा आवाज चढायचा, आणि तो चढायलाच हवा.

आई आली नाही, तर ऊब. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही. पाजलेलं दूध पोटात तसंच राहतं, आंबतं, पोट टम्म फुगतं. गिळायची ताकद नसल्यामुळे तेच दूध श्वासनलिकेतही उतरतं. आधी तळहातात, मग खोक्यात, असं पिल्लू हाताला गरम लागेपर्यंत थांबायचं. बाटली खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली, म्हणजे नकोसं झालं की पिल्लाला सरकता येतं. केस न आलेल्या पिल्लाला ३२ ते ३५ अंश पुरतात. वडोदऱ्याच्या मे महिन्यात मात्र हाच सल्ला उलटू शकतो : बाहेर ४२ आणि बंद खोलीत ३६ असताना बाटली ठेवली, तर पिल्लू होरपळेल. हातपाय पसरून, लालसर होऊन, तोंड उघडं टाकून पडलं असेल तर ते तापलंय. अंगाचा गोळा करून थरथरत असेल तर गारठलंय.

खोक्यात टॉवेल घालायचा नाही, कारण त्याच्या फासांत नखं अडकतात. जुन्या बनियनचं मऊ कापड चालतं, पण लोंबणारे दोरे आधी कापायचे. एखादा दोरा पायाला आवळला की पाय सुजून काळा पडतो. आणि मुंग्या! परातीत पाणी, मध्ये पालथं पातेलं, त्यावर खोकं, ही तुमची युक्ती आम्ही प्रत्येकाला सांगतो. मुंग्या लागलेलं अशक्त पिल्लू सकाळपर्यंत टिकत नाही.

मग पाणी. पाठीची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच बसली नाही, तर अंगात पाणी कमी आहे. पाकिटावर लिहिलेल्या मापानेच कालवलेलं, कोमट ओआरएस पहिल्या दोन वेळा. पुढच्या दोन वेळा निम्म्या ताकदीचं दूध, आणि शौच नीट असेल तरच पूर्ण ताकदीचं.

दूध म्हणजे गाईम्हशीचं नव्हे. त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जास्त आणि पिल्लाला लागतो तेवढा स्निग्धांश नसतो. जुलाब लागले की एवढासा जीव काही तासांत सुकतो. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर डब्यावरच्या प्रमाणात कालवायची. कालवून तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवली की गुठळ्या विरतात, फेस बसतो आणि पोटात हवा कमी जाते. २४ तासांनंतर उरलेलं फेकायचं. लागेल तेवढंच वाटीत काढून, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं. एकदा गरम केलेलं परत फ्रिजमध्ये नाही.

एका वेळचं माप वजनाच्या ५ टक्के : २० ग्रॅमच्या पिल्लाला १ मिली. त्यासाठी सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घ्यायला लावलात, ते किती योग्य होतं हे रोज कळतं. वजन रोज सकाळी, पाजण्याआधी, त्याच वेळी. आकडा दोन दिवस हलला नाही तर कुठेतरी बिघडलंय. डोळे मिटलेलं, बिनकेसांचं पिल्लू असेल तर दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. लव आली की तीन तासांनी. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोळे उघडले की चार तासांनी. तुमची सर्वांत सुंदर खूण म्हणजे, गुलाबी पिल्लाच्या पोटाच्या कातडीतून आतलं दूध पांढरं दिसतं. पुढच्या वेळेला तो पांढरा डाग तसाच दिसत असेल, तर घड्याळ काहीही म्हणो, पाजायचं नाही.

सिरिंज १ मिलीची, सुई काढलेली. इन्सुलिनची सिरिंज हाताशी असली तर तिच्यावरचे आकडे युनिटचे असतात, मिलीचे नव्हे : ४० युनिटवाल्या सिरिंजवर ४० म्हणजे १ मिली. ‘दहापर्यंत भर’ असं फोनवर सांगितलं की गोंधळ होतो, म्हणून आम्ही सिरिंजचा फोटो मागवतो. दट्ट्या अडकायला लागला की ती सिरिंज बाद. अडकलेला दट्ट्या सुटताना एकदम पिचकारी मारतो आणि दूध थेट फुफ्फुसात जातं.

पाजताना पिल्लू पोटावर, डोकं किंचित वर. बाळासारखं उताणं कधीच नाही. थेंब ओठाशी, गिळलं की पुढचा थेंब. नाकातून दूध आलं तर तिथेच थांबायचं, डोकं खाली करायचं, नाक टिपायचं, श्वास शांत होईपर्यंत पुढे जायचं नाही. नंतर श्वासाला टिकटिक आवाज आला किंवा पिल्लू तोंड उघडून श्वास घेऊ लागलं, तर त्याच दिवशी प्राण्यांचे डॉक्टर. मांजराचा दात लागलेल्या पिल्लालाही तसंच. जखम टाचणीएवढी दिसली तरी मांजराच्या लाळेतले जंतू आत पसरतात आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर पिल्लू दगावतं.

लोक हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे शी-शू. डोळे उघडेपर्यंत पिल्लाला आपलं आपण करता येत नाही. आई चाटते तेव्हा होतं. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने शेपटीखाली हलके हलके टिपायचं, दर वेळी पाजण्याआधी आणि नंतर. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. शेवटी तोंडावरचं दूध पुसायचं, नाहीतर ते वाळून हनुवटीचे केस झडतात.

दात आले की मोह सुरू होतो. शेंगदाणे, गाठिया, बिस्किट : पिल्लू आवडीने खातं आणि घर खूश होतं. शेंगदाण्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. हाडं ठिसूळ होतात आणि उड्या मारणारं पिल्लू एके दिवशी मागचे पाय ओढायला लागतं. सकाळचं कोवळं ऊन, आंब्याच्या ताज्या डहाळ्या, वड-पिंपळाची फळं, थोडा पेरू, आणि दूध एकदम न तोडता हळूहळू कमी करणं, हा तुमचा क्रम आम्ही बदललेला नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्याशिवाय कुणी ठामपणे सांगितली नसती : खार वन्यजीव आहे, घरात पाळायची नाही. जखमी पिल्लासाठी १९६२ या फोन नंबरवर करुणा अ‍ॅनिमल अ‍ॅम्ब्युलन्सला, आणि पुढच्या देखभालीसाठी वनखात्याला कळवायचं. सोडायच्या पिल्लाला माणसाचा लळा लागू द्यायचा नाही, शक्य तर दोन पिल्लं एकत्र वाढवायची. दहा-बारा आठवड्यांची, केसाळ, टणक कवच फोडू शकणारी आणि अनोळखी माणसाला घाबरणारी झाली, की पिंजरा झाडाशी काही दिवस ठेवून मगच दार उघडायचं. खाणं-पाणी नंतरही तिथेच.

छाटणी करणाऱ्या माणसांसाठी यातलं निवडक एका कार्डावर मराठी आणि गुजरातीत छापून घेतोय : फांदी तोडण्याआधी घरटं बघा, पिल्लू सापडलं तर दूध देऊ नका, या नंबरवर फोन करा. मसुदा या पत्रासोबत आहे. मापं एकदा तपासून द्या. गुजराती मजकुरातला ‘कोमट’साठीचा शब्द तुम्हाला पटतोय का तेही सांगा, छपाई छाटणीच्या आधी व्हायला हवी.

आपल्या शिकवणीतली,
दांडिया बाजार आणि आसपासची मंडळी